शेवटच्या दोन सेकंदांचा पास

"आणि हा पास तुला दिला कोणी?"

गणाचारी सरांनी कागदांवरून मान वर न करता विचारलं.

उन्मेष राजाध्यक्ष जरा गोंधळला. विद्यापीठाच्या बास्केटबॉलचा साठ वर्षांचा इतिहास त्यानं लिहून आणला होता. मुलांचे संघ, मुलींचे संघ, कर्णधार, चषक, सगळं सालवार. त्यात एक मोठं प्रकरण त्याच्या स्वतःच्या सामन्याचं होतं. एका गुणाची पिछाडी, शेवटचे दोन सेकंद, एक अचूक पास, आणि त्यावर कर्णधार उन्मेषनं केलेली बास्केट. विद्यापीठाचं पहिलं अजिंक्यपद! तेव्हा प्रशिक्षक गणाचारी सरच होते.

"युनूसनं, सर. युनूस अत्तार."

"त्याचं नाव नाही इथं."

"राहिलं असेल... घालतो."

"त्याला विचारून घाल."

सरांनी कागद परत दिले. बोलणं संपलं होतं.

युनूस मिरजेला असतो, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालाय, एवढं उन्मेषला ऐकून माहीत होतं. भेट मात्र तीस वर्षांत नव्हती. एका रविवारी तो गेला.

परत आला तेव्हा सर विद्यापीठाच्या मैदानावर होते. सकाळची वेळ. मुलींचा सराव चालला होता. उन्मेष बाकावर त्यांच्या शेजारी बसला.

"भेटलास?"

"भेटलो. सर... तो पास नव्हताच."

सर मैदानाकडे बघत राहिले.

"युनूसनं शॉट मारला होता. तो तोकडा पडला. चेंडू रिंगला लागलासुद्धा नाही. मी रिंगखाली धावलो होतो, माझ्या हातात आला. युनूस म्हणतो, 'मला वाटलं, तुला ठाऊक आहे.' आजही लोक त्या पासबद्दल त्याची पाठ थोपटतात. तो दर वेळी खरं सांगतो. लोक म्हणतात, किती विनयशील माणूस!"

"आणि तुला काय वाटलं?"

"आधी राग आला. मग लाज वाटली. त्यानं चहा केला, जेवायला थांबवून घेतलं... आणि मी त्याचं नावही लिहिलं नव्हतं."

पायाशी घरंगळत आलेला चेंडू सरांनी मुलींकडे परत फेकला.

"प्रकरण फाडून टाकलंय, सर. नव्यानं लिहितो. पास नव्हता, नेम चुकला होता, असंच लिहीन. तसं त्याला विचारलंय, तो हो म्हणालाय. फक्त एक वाक्य माझ्याकडून घालणार आहे."

"कुठलं?"

"त्या क्षणी माझा युनूसवर पूर्ण विश्वास होता. हे खोटं नाही, सर."

मैदानावर एका मुलीचा शॉट हुकला. दोघी-तिघी चेंडूवर झेपावल्या. सरांनी ते शेवटपर्यंत पाहिलं आणि मग उन्मेषकडे वळले.

"मग चेंडू त्याच्या हातातून सुटल्यावर तू रिंगखाली धावलास कशाला?"