खारीने काढलेला बगळा

फार पूर्वी एका तळ्याकाठी झिपरी नावाची खार शेपटीने जलरंगात चित्रं काढायची. तिचा म्हातारा सोबती धवलू बगळा दूरच्या तळ्यावर राहायला निघाला होता, म्हणून तिला त्याचं चित्र हवं होतं. पण सुधारता सुधारता तिच्या कागदांचा नुसता चिखल झाला. उरला एकच कागद.

या वेळी तिने भोवतीचं पाणी निळं रंगवलं आणि बगळा कोरा सोडला. इतक्यात निळा ओघळ मानेत शिरला. ती पुसायला धावली.

“थांब गं बाई, वाळू दे आधी,” समोर उभा असलेला धवलू म्हणाला.

झिपरी शेपटी दाबून बसली. रंग वाळला आणि मानेवर सुरकुती उमटली.

“ही माझीच मान!” धवलू हसला. “पुसली असतीस, तर दुसऱ्याच कुणाची झाली असती.”