नाक आलं, कान राहिला

“पण चाचा, स्टिक घ्यायची की बॉक्स, एवढं तरी सांगा की!”

गुलाबचाचा मुजावर पत्र्याच्या सावलीत बसून कबुतरांसाठी ज्वारी पाखडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दिगंबरने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता. पहिल्या वेळी चाचा म्हणाले होते, “बस.” दुसऱ्या वेळी म्हणाले, “पाणी पी.”

आता तेवढंही नाही...

गावात टीव्हीचा कुठलाही प्रश्न फिरून फिरून चाचांपाशीच येऊन थांबायचा. गावातला पहिला अँटेना त्यांनी उभा केला. पुढची वीस वर्षं ते जमिनीवर कमी आणि लोकांच्या कौलांवर जास्त दिसले. आता ऐंशी पार केल्यावर हत्यारांची पेटी बंद करून ते दर्ग्याच्या मागच्या एका खोलीत राहत होते. सकाळी हौद भरायचा, संध्याकाळी ऊद घालायचा, मधल्या वेळात कबुतरं.

लोक म्हणत, चाचांचं उत्तर ऐकून माणूस आणखीच गोंधळतो. पण घरी गेल्यावर टीव्ही लागतो.

दिगंबर काही ऐऱ्यागैऱ्यांतला नव्हता. पंचवीस वर्षं सूतगिरणीत तपासनीस. सुताच्या ढिगातली एक खराब गुंडी तो नुसत्या बोटाने ओळखायचा. त्याने पास केलेला माल कधी परत आला नव्हता. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवण्याचे कष्ट त्याने कधी घेतले नव्हते.

त्याने मांडीवरची लांब वही उघडली.

“जुन्या टीव्हीवर नेट लावणाऱ्या अकरा वस्तू आहेत चाचा. प्रत्येकीचे सतरा रकाने.”

“अक्षर छान आहे.”

“अक्षराचं सोडा हो! ही बघा. ही स्टिक टीव्हीच्या मागे खोचली की काम झालं. पण आईच्या टीव्हीला खाच एकच, तीही भिंतीच्या बाजूला. हा बॉक्स मजबूत, पण त्याच्या रिमोटला चौतीस बटणं. हा तिसरा स्वस्त, पण वर्षाने मंदावतो म्हणतात. आणि हा चौथा बोललेलं ऐकतो.”

“ऐकतो?”

“बटण दाबून म्हणायचं, ‘कीर्तन लाव’. की लावतो कीर्तन.”

“कुणाचंही ऐकतो?”

“कुणाचंही.”

“मोठा गुणी म्हणायचा.” चाचांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर फेकला.

दिगंबरला यात टोमणा होता की कौतुक, ते कळलं नाही. त्याने पान उलटलं.

“नेटची रेंज आईच्या खोलीत कमी येते. म्हणून मी फरशी-फरशीवर मोबाईल ठेवून बघितलं. जिथे चांगली येते तिथे खडूने फुली, जिथे येत नाही तिथे गोल. चार दिवस लागले.”

“मग?”

“मग आई म्हणाली, ‘ही कसली रे रांगोळी?’ तिला म्हटलं, पाय उचल तिथून, पुसून जाईल.”

चाचांनी प्रथमच त्याच्याकडे पाहिलं.

“टीव्ही बंद होऊन किती दिवस झाले?”

“नऊ आठवडे. आमच्या भागातल्या केबलवाल्यानं धंदा गुंडाळला, तेव्हापासून.”

“नऊ आठवडे वैनी काय बघते?” चाचा त्याच्या आईला वैनीच म्हणायचे.

“भिंत.”

दिगंबर हे बोलून गेला आणि वहीच्या कडा सारख्या करत बसला.

हॉलमधला नवा टीव्ही नेटवर आपोआप चालायचा. पण आई तिथे बसायला तयार नव्हती. ‘तुमच्यात मी कशाला,’ म्हणायची. तिचा टीव्ही तिच्या खोलीत, तिच्या खाटेसमोर. पूर्वी ती त्या टीव्हीशी भांडायची. बातम्या सांगणारीच्या साडीला नावं ठेवायची, कीर्तनकार अभंगाची ओळ चुकला की जागच्या जागी दुरुस्त करायची. आता खोलीतून आवाजच येत नव्हता. जेवणही अर्ध्या भाकरीवर आलं होतं.

“रविवारी शालनताई येतेय सोलापूरहून,” तो म्हणाला. “आईला घेऊन जाते म्हणते. ‘तुझ्याकडे ती भिंतीकडे बघत बसते, माझ्याकडे निदान चार बायका येतात-जातात.’ आज शुक्रवार. आईनं पिशवी भरून ठेवलीय चाचा. कुणी सांगितलं नव्हतं. दोन लुगडी, औषधाचा डबा आणि जपाची माळ. पिशवी खाटेखाली सरकवून ठेवलीय, मला दिसू नये म्हणून.”

“हं...”

“उद्या वस्तू आणली तर उद्याच लावतो. रविवारी ताई येईल तेव्हा टीव्ही चालू असेल. पण चुकीची आणली, आणि आईला नाही जमली, तर? सगळ्यांच्या देखत तोंडघशी पडायचं. म्हणून विचारतो. स्टिक की बॉक्स?”

“वैनी काय म्हणते?”

“ती काय म्हणणार? ‘कशाला रे उगाच,’ एवढंच. तिला यातलं काय कळतंय?”

सूप हलायचं थांबलं.

चाचांनी ते बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि भिंतीला लावलेल्या शिडीकडे बोट केलं.

“वर जा.”

“कुठं?”

“वर. अँटेना आहे. फिरव.”

पत्र्यावर खरोखरच अँटेना होता. गंजलेला, दोन दांड्या तुटलेला, वर पाच-सहा कबुतरं बसलेली.

“चाचा, आता त्याच्यावर काही येत नाही. काळ गेला त्याचा.”

“फिरव. आणि मी विचारायचो तसं विचार. मी आत जातो.”

दिगंबरला वाटलं, म्हातारा बरळतोय. मग वाटलं, परीक्षा घेतोय. परीक्षा म्हटल्यावर तो मागे हटणारा नव्हता. वही काखेत मारून तो शिडी चढला.

पत्रा तापला होता. कबुतरं फडफडून उडाली. त्याने लोखंडी पाईप दोन्ही हातांनी धरला आणि किंचित उजवीकडे वळवला.

“आलं का?”

आतून काही नाही.

आणखी थोडं.

“आलं का, चाचा?”

काही नाही...

मग त्याच्यातला तपासनीस जागा झाला. असं अंदाजपंचे फिरवून काय उपयोग? त्याने खिशातली पेन्सिल काढून पाईपवर एक खूण केली. घड्याळाच्या बाराच्या जागेपासून सुरुवात. एक. दोन. तीन. प्रत्येक जागेला थांबायचं, हाक मारायची, वहीत लिहायचं.

“आलं का?”

चार. पाच.

“आता?”

सहा.

तळवे भाजत होते. मानेवरून घाम उतरत होता. खाली हौदावर हातपाय धुणारे दोघे वर बघून हसले. “दिगूभाऊ, कुठली मॅच लागलीय?” एकाने विचारलं. दिगंबरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नऊच्या जागेवर त्याचा आवाज बसला. आणि त्या बसक्या आवाजात ‘आलं का’ म्हणताना त्याला एकदम चाचांचाच आवाज आठवला. दिगंबरच्या घराच्या कौलांवरून येणारा. तेव्हा दिगंबर दहा-बारा वर्षांचा असेल. चाचा कौलांवर, दिगंबर अंगणात, आणि आत टीव्हीसमोर आई. हाताला पीठ तसंच. चाचा विचारणार, दिगंबर आत ओरडणार, आई सांगणार, दिगंबर ते वर पोचवणार.

“मुंग्या आहेत!”

“आवाज आला, चित्र गेलं!”

“थांबा, थांबा! नाक आलं, कान राहिला!”

इतर घरांतली माणसं भलती उतावीळ. पडद्यावर माणसासारखं काही हललं की ओरडायची, ‘आलं, आलं!’ चाचा खाली उतरायचे आणि बघतात तो पडदाभर मुंग्या. म्हणून गल्लीत कुणाचाही अँटेना असो, चाचा आधी दिगंबरच्या दारात यायचे. “अनसूयावैनी उभी राहिली तरच मी चढतो,” म्हणायचे. आणि आई भाकऱ्या तशाच टाकून जायची. कान येईपर्यंत ती ‘आलं’ म्हणायची नाही. तिने पास केलेलं चित्र कधी परत गेलं नव्हतं.

दिगंबर पाईप धरून तसाच उभा राहिला.

हे त्याला का आठवलं? आईचा यात काय संबंध? आता अँटेना नाही, मुंग्या नाहीत... त्याला काही उमगेना. सुताची गुंडी सुटून पायात यावी, आणि टोक कुठलं तेच सापडू नये, तसं झालं.

तो पुन्हा वहीकडे वळला. दहा. अकरा. बारा.

“आलं का?”

काही नाही.

फेरा पुरा झाला होता. त्याने वहीत बाराही जागांसमोर एकच अक्षर लिहिलं होतं. ‘ना’.

मग त्याला पाईपवरून खाली गेलेली वायर दिसली. पत्र्याच्या कडेने ती खिडकीकडे गेली होती. तपासायची तर वायरच आधी तपासायला हवी होती, हे सुचलं नाही याचा त्याला मनातून राग आला. शिडीच्या चार पायऱ्या उतरून तो खिडकीच्या पातळीला आला.

वायर खिडकीतून आत गेली होती आणि समोरच्या खिळ्याला बांधली होती. तिच्यावर चाचांची ओली लुंगी वाळत होती.

आत एक खाट. पाण्याचा माठ. गुंडाळून ठेवलेली चटई. भिंतीवरच्या एका फळीच्या वर चौकोनी जागा तेवढी कमी काळवंडलेली, कधीकाळी तिथे काहीतरी असल्यासारखी. चाचा खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते.

“चाचा...”

“हं.”

“इथं टीव्हीच नाही.”

“नाही.”

“कधीपासून?”

“बारा वर्षं झाली. शाळेला देऊन टाकला.”

दिगंबरच्या काखेतली वही सरकली. ती पकडायला गेला तर शिडी हलली, म्हणून त्याने शिडी धरली. वही खाली ज्वारीच्या सुपात पडली आणि उडालेली कबुतरं एकेक करून तिच्याभोवती उतरली.

“मग मी अर्धा तास उन्हात उभा राहून... ‘आलं का, आलं का’ करत... कुणाला विचारत होतो?”

चाचांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. बशी पालथी घातली.

“इथं विचारत तरी होतास. घरी वैनीला तेवढंही नाही.”