पहिल्या क्रमांकाचे पान

एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यासह गावाबाहेर रुग्णालय चालवीत असे. दारात दोरीवर मातीचे बिल्ले ओवलेले असत, प्रत्येकावर पुढचा आकडा कोरलेला. येणाऱ्याला ओळीतला पुढचा बिल्ला मिळे आणि वहीत त्याच आकड्याच्या पानावर त्याचा रोग आणि औषध लिहिले जाई. आकडा निवडण्याचा अधिकार खुद्द वैद्यालाही नव्हता.

एके दिवशी गावातला मोठा व्यापारी पालखीतून उतरला. रुग्णालयाची जागा त्याचीच. शिष्याने बिल्ला पुढे केला: तीनशे बारा. शेठजींचा पारा चढला.

"माझ्याच जागेत मी तीनशे बारावा? पहिला आकडा कुणाचा?"

"टोपल्या विणणाऱ्या एका बुरडीणबाईचा. गेल्या महिन्यात वारली ती," शिष्य चाचरत म्हणाला.

"म्हणजे रिकामाच की! तो द्या. नाहीतर आजच जागा मोकळी करा."

शिष्याने आत वळून पाहिले. आत बावीस रुग्ण होते. एका आकड्याने असे काय बिघडते, असे मनाशी म्हणत त्याने फडताळात जपून ठेवलेला पहिला बिल्ला काढला. शेजारी उभ्या असलेल्या वैद्याने तो त्याच्या हातून घेतला आणि उंबऱ्यावर आपटून फोडला.

"गुरुजी!" शिष्य ओरडलाच.

वैद्याने वही उघडून त्याच्यापुढे धरली. "दोनशे नव्वदचे पान वाच. मोठ्याने."

"ताप, खोकला. आईचा रोग पहिल्या पानावर पाहावा."

"ही त्या बुरडीणबाईची मुलगी. आत निजली आहे. आईला कोणते औषध बाधले, ते पाहून हिला मात्रा देतो. उद्या त्या पानावर शेठजींचा मधुमेह आला, तर मी नसताना तू हिला काय पाजशील? माणूस जातो, शेठजी. त्याचा आकडा त्याचाच राहतो. आकडा म्हणजे मान नव्हे. हाच तो, दुसरा कुणी नव्हे, एवढेच तो सांगतो. जागा तुमची आहे, खुशाल घ्या. आम्ही चिंचेखाली बसू."

शेठजी शिष्याकडे वळले. "म्हातारा हट्टाला पेटलाय. तू तरी शहाणा हो. नवा बिल्ला कोर, रुग्णालय तुझ्या हवाली करतो."

शिष्याची भीती काही गेली नव्हती. पण आत ती मुलगी खोकत होती, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने तीनशे बारावा बिल्ला शेठजींच्या तळहातावर ठेवला.

"तुमचा आकडा हाच. बसा, नाडी पाहतो. फेकून दिलात तरी तो दुसऱ्या कुणाला मिळायचा नाही."

शेठजींनी बिल्ला भिरकावला आणि पालखी उचलायला सांगितले.

वैद्याने चिंचेखाली न्यायला मुलीच्या खाटेचे एक टोक धरले. शिष्याने दुसरे उचलले.