तळ्याचा उपास

"तळं कोणी मारलं, तुम्ही सांगता का मी सांगू?"

हर्षा पचारे मठाच्या पायरीवर उभी होती. चप्पल काढली नव्हती.

केवळपुरी महाराज ओट्यावर बसले होते. शेजारी झाकण घातलेला गडू.

"सांग नं."

"तुम्ही."

महाराजांनी गडू जवळ ओढला.

तिचं खरं होतं. आमडबोडीचं तळं महाराजांनीच मारलं. पावसानं नाही, नशिबानं तर नाहीच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण आपल्याकडे दाढी पांढरी दिसली की लोक चूक शोधायचं सोडतात आणि पाय शोधायला लागतात.

त्या होळीच्या सकाळी काठाला रोहू आणि कतला मासे पोट वर करून पडले होते. एकही हलत नव्हता. पाणी हिरवं होतं. पालकाची भाजी मिक्सरमधून काढावी तसं हिरवं, आणि दाट. बाया पदर नाकाला लावून घागरी रिकाम्याच परत नेत होत्या.

आणि नेमके त्याच दिवशी जिल्ह्याहून ढेंगळे साहेब आले होते.

कोणत्या तळ्यात किती खत, किती साबण, किती घाण उतरलेली चालेल, याची हद्द ठरवायचं काम साहेबांकडे. पुस्तकातली हद्द आमडबोडीला झेपत नाही अशी गावातल्या मोठ्या माणसांची ओरड होती. म्हणून साहेबांनी तोड काढली होती. मठाची थाळी आहे ना, तिचीच हद्द कागदावर घेऊ. स्थानिक परंपरा. फोटोही चांगला येतो.

थाळीची गोष्ट अशी. मठात कल्हईची एक पांढरी थाळी आहे. तिला दोर आहे, दोराला एक गाठ. दरसाल होळीच्या सकाळी तळ्याच्या मधोमध डोंगा न्यायचा आणि थाळी पाण्यात सोडायची. गाठ पाण्याला टेकेपर्यंत थाळी दिसत राहिली तर तळं ठीक. गाठ टेकायच्या आधीच थाळी नाहीशी झाली, तर तळ्याला उपास.

उपास म्हणजे या होळीपासून त्या होळीपर्यंत तळ्याच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही. खत नाही, शेण नाही, साबण नाही, गावची नाली नाही. जाळंही टाकायचं नाही. ज्याला जेवू घालत नाही, त्याच्याकडं जेवण मागू नये.

हा उपास सांगायचा अधिकार गादीवरच्या गोसाव्याचा, दुसऱ्या कोणाचा नाही. आणि गादी मिळते ती एका ओंजळीनं. गुरू आपल्या ओंजळीतून तळ्याचं पाणी शिष्याला पाजतो. ते पोटात गेलं की जन्मभर दुसरं पाणी वर्ज्य; दुसरं प्यालं की ओंजळही गेली, गादीही. या मठाची दीक्षा एवढीच. ना मंत्र, ना भस्म.

हर्षाला अक्षरं महाराजांनीच शिकवली, पोहायलाही त्यांनीच. बी.एस्सी. अर्ध्यावर टाकून ती गावी आली ती थेट मठात. म्हणाली, मला ओंजळ द्या. महाराज म्हणाले, पुढच्या होळीला. पुढच्या होळीलाही तेच म्हणाले.

आता ती मागायला आलीच नव्हती. भांडायला आली होती.

"चला," महाराज उठले. "डोंगा थांबला आहे."

गडू त्यांनी बरोबर घेतला.

डोंगा हर्षाचा बाप चालवत होता. माणिक पचारे, मासेमारी संस्थेचा अध्यक्ष. तळ्यातला मासा संस्थेचा, आणि मासा वाढावा म्हणून पाण्यात पडणारं खतही संस्थेचंच. वल्ह्याला मेलेले मासे लागत होते. तो त्यांच्याकडं बघत नव्हता.

मधोमध आल्यावर त्यानं थाळी सोडली.

गाठ पाण्याला टेकली.

थाळी दिसत होती. दिसणारच. गाठ थाळीपासून जेमतेम वीतभर होती. वीतभर पाण्यात थाळी दिसत नसेल, तर त्याला पाणी नाही, चटणी म्हणायचं.

"पास," ढेंगळे साहेब म्हणाले आणि मोबाइल काढला. "महाराज, जरा थाळीला हात लावून बसा."

एक कतला तरंगत येऊन डोंग्याला टेकला. डोळा उघडा.

"याले बी पास करा नं साहेब," हर्षा म्हणाली.

"हे बघ बेटा..."

"बेटा नका म्हणू."

"बरं, ताई. हद्द अशी पाहिजे की लोकांना पाळता आली पाहिजे. आहे त्याच्याजवळपासची. नाहीतर कागद कागदावरच राहतो."

"मंग तिले हद्द काहून म्हणता? सवय म्हणा."

"हर्षे, तोंड आवर," माणिक म्हणाला.

"का आवरू? बा, हे मासे तुह्ये आहेत. रडत तरी जाय."

माणिकनं वल्हं या हातातून त्या हातात घेतलं.

हर्षानं दोर ओढून घेतला. थाळी वर आली, हिरवी होऊन. तिनं ओला दोर उन्हात ताणून धरला.

दोराला मोडी पडल्या होत्या. गाठीच्या पुढं एक, तिच्या पुढं दुसरी, मग आणखी. थाळीपासून लांब लांब जात पार तिच्या खांद्याच्या वर. जिथं जिथं गाठ राहून गेली होती, तिथं तिथं दोर अजून वाकडा होता.

"हे काय आहे महाराज?"

"गाठीच्या जागा."

"गाठ चालते का?"

"नाही."

"मग कोणी चालवली?"

"मी."

"दरसाल?"

"थाळी लवकर बुडाली की."

ढेंगळे साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला. ऐकलं नाही असं दाखवायला साहेब लोकांना शिकवावं लागत नाही.

"काहून?" हर्षाचा आवाज फाटला. "कोणी पाय धरले होते तुमचे?"

"संस्था नवीन होती. माणिकनं पहिल्यांदा सुपर फॉस्फेट टाकलं. पाणी हिरवं झालं, मासा वाढला. गाव पोटभर जेवलं. त्या होळीला थाळी गाठीच्या आधी बुडाली... माझ्याच्यानं उपास सांगवला नाही."

"आणि मग?"

"मग धानवाल्यांचं खत आलं. मग नाली आली. प्रत्येकाचं थोडंच होतं."

"आणि तुमची दया प्रत्येकावर थोडी थोडी."

"हो."

"त्यापेक्षा विष घालायचं होतं. एकदाच मेलं असतं."

"विष कोणीच घातलं नाही."

"मग काय घातलं?"

"जेवण."

हर्षा थुंकली. पाण्यात नाही, डोंग्यात. पाण्यात थुंकायची तिला अजून सवय झाली नव्हती.

महाराजांनी दोराकडं बोट केलं.

"सोड ती."

गाठ ओली होती, सुटेना. तिनं दातांनी सोडली. तोंडात हिरवं आलं, ते तिनं बाहीला पुसलं.

"आता बांध."

"मी?"

"तुला कळते नं कुठं पाहिजे ते."

तिला कळत होतं. सगळ्यात शेवटची मोड, थाळीपासून सगळ्यात लांबची. तिची बोटं दोरावरून सरकत निघाली.

"हर्षे." माणिक पहिल्यांदा तिच्याकडं बघून बोलला. "मधल्या मोडीवर बांध."

"बा..."

"या सालापुरती. मासे गेलेच आहेत. नवं बीज टाकू, खत अर्धं करू. पण जाळं बंद म्हणशील तर आपण अन् संस्थेतले सारे जावाचं कुठं? आपल्याले दुसरं येते काय? तुह्या मायले काय सांगू?"

तिची बोटं मधल्या मोडीवर थांबली.

"उत्तम," ढेंगळे साहेब म्हणाले. "मध्यम मार्ग. तेवढं मी वर पटवून देतो."

वारा नव्हता. पाण्यावर साय धरली होती आणि सायीवर माश्या.

तिनं दोराचा वेढा केला. टोक आत घातलं. ओढायचं तेवढं बाकी...

"अशीच सरकते," महाराज म्हणाले.

हर्षानं वर पाहिलं. त्या क्षणी तिनं म्हाताऱ्याला पाण्यात ढकललं असतं तरी चुकीचं झालं नसतं. स्वतः जन्मभर तेच करून, वर दुसऱ्याला आरसा दाखवायचा. म्हाताऱ्या माणसांना हे फार छान जमतं.

पण तिनं वेढा मोडला. शेवटच्या मोडीवर गेली, गाठ मारली आणि पायानं दाबून आवळली. नख फाटलं.

"बा, थाळी सोड."

माणिकनं वल्हं आडवं ठेवलं आणि तिच्याकडं पाठ करून बसला.

थाळी तिनंच सोडली. पांढरी थाळी हिरवी झाली, मग काळी, मग काहीच नाही. दोर तिच्या हातात कितीतरी उरला होता. गाठ पाण्यापासून लांब, उन्हात वाळत होती.

"उपास," ती म्हणाली.

"एक मिनिट." ढेंगळे साहेब सावरून बसले. "हे मला धरता येणार नाही. परंपरा म्हणजे परंपरा. अधिकार गादीचा आहे. महाराजांनी बघितलं, थाळी दिसली, पास. मी तेच लिहिणार. तू कोण?"

हर्षानं महाराजांकडं पाहिलं.

"बरोबर आहे साहेबाचं," ती म्हणाली. "मी कोणीच नाही."

ती गुडघ्यावर बसली. दोन्ही हात पुढं केले, ओंजळ करून.

"द्या."

"हर्षे, ते पाणी पिऊ नको!" माणिक गर्रकन वळला. डोंगा हलला. "मासे मेले त्याच्यानं. मरशील!"

"गाव तीर्थ म्हणून हेच पेते नं बा? महाराज, मठात तीर्थ हेच देता नं?"

"हेच देतो."

"लेकराले बी?"

"हो."

"मग मले द्या. ओंजळ द्या, गादी द्या, अन् त्या साहेबाले सांगा मी कोण ते. मी सांगतो उपास. बा उपाशी राहीन, माय राहीन, मी बी राहीन. तळं तरी जेवाचं थांबन."

माणिकनं तोंडावर टॉवेल घेतला.

महाराज वाकले. डोंग्याच्या काठावरून दोन्ही हात पाण्यात घातले, साय बाजूला सारली आणि ओंजळ भरून वर काढली.

हर्षानं आपली ओंजळ खाली धरली.

महाराजांची ओंजळ तिच्या ओंजळीवर आलीच नाही. तिथंच राहिली, हवेत. बोटांच्या फटीतून पाणी गळत होतं. एक एक थेंब परत तळ्यात. तो शेवटचा थेंब गळेपर्यंत बसून राहिला म्हातारा. तळहातावर हिरवी रेघ उरली.

"काहून?" हर्षानं विचारलं. आता आवाज अगदी बारीक. "बाई आहो म्हणून? धीवराची पोर म्हणून?"

"नाही."

"मग?"

महाराजांनी हात भगव्या छाटीला पुसले. शेजारच्या गडूचं झाकण काढलं. आत स्वच्छ पाणी होतं. तळ दिसत होता.

"पहिली गाठ सरकवली त्या दिवसापासून मी बोअरचं पाणी पितो."