धोंडेघाटाचा मुरूम

बालाघाटच्या डोंगरात करंजगव्हाणला चढणारी एक मुरमाची वाट आहे. अकरा किलोमीटर लांब, दोन बैलगाड्या जेमतेम शेजारून जातील एवढी रुंद, आणि खालपासून वरपर्यंत सुपारीहून मोठा खडा औषधाला सापडणार नाही. नाव मात्र धोंडेघाट. या वाटेवर मोटार नाही, ट्रॅक्टर नाही, फटफटीसुद्धा नाही. गावात जायचा डांबरी रस्ता पलीकडच्या अंगाने बावीस किलोमीटरचा वळसा घालून येतो आणि लग्नाच्या वऱ्हाडापासून खताच्या टेंपोपर्यंत सगळे निमूट त्या वळशानेच येतात.

अलीकडे जाड टायरच्या सायकली घेऊन शहरातली मंडळी इथे येऊ लागली आहेत. घाटमाथ्यावर चिंचेखाली लिंबराज तात्या बसलेले असतात. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. "बैलजोडीच्या मोलाची सायकल घेतली आन् तिला साधं कॅरेज न्हाई व्हय?" असे म्हणत ते आधी माणसाला पाणी देतात. मागे एक फ्रेंच जोडपे आले होते. आमच्या देशात अशा बिनगाड्यांच्या मुरमाच्या वाटा सायकलींसाठी मुद्दाम राखून ठेवतात, असे त्यांनी सांगितले. तात्या म्हणाले, "तुमच्याकडं सरकार राखत आसंल. हितली वाट मेलेल्या माणसांनी राखलीय." आणि मग त्यांनी जे सांगितले ते असे.

फार जुनी गोष्ट. तेव्हा हा घाट गाडीवाट होता. सलग दोन वर्षे पाऊस पडला नाही आणि गावात चुलीला धूर येईना. लोक तरवड्याचा पाला उकडून खात होते. शेवटी उरलेसुरले बैल जुंपून गावातल्या सात गाड्या गोदाकाठी गेल्या आणि महिन्याने जोंधळा भरून परतल्या. त्यात निंबाजीची गाडी होती आणि त्याचा धाकटा भाऊ रावजी याचीही. निंबाजीबरोबर त्याची बायको धुरपदा गेली होती, कारण चाकामागे धोंडा लावायला दुसरे माणूस उरले नव्हते.

धोंडा लावणे म्हणजे काय, हे सायकलवाल्यांना तात्या मुद्दाम समजावून सांगतात. भरलेली गाडी चढावर एका दमात चढत नाही. बैल थांबले की गाडी मागे सरकते. म्हणून प्रत्येक गाडीमागे एक माणूस धोंडा घेऊन चालायचा. बैल थांबले रे थांबले की त्याने तो चाकामागे लावायचा. बैलांनी दम घेतला, गाडी हलली, की धोंडा उचलायचा आणि पुन्हा मागे चालू लागायचे. याला नेम एकच होता. ज्याने लावला त्याने उचलायचा. रस्त्यात धोंडा सोडणे म्हणजे मागच्या गाडीवानाचा गळा कापणे.

गाड्या घाटाच्या पायथ्याशी आल्या तेव्हा गावातून कोणी एक उतरून वाट बघत उभा होता. त्याने धुरपदेला बाजूला घेऊन सांगितले, की तुझी राही कालपासून डोळे उघडत नाही. राही तिची तीन वर्षांची लेक, आजीपाशी ठेवलेली. रावजीची गाडी तेव्हा पुढे होती. त्याने ती बाजूला घेतली, म्हणाला, "वहिनी, तुमची गाडी म्होरं घाला. माजी लेकरं धडधाकट हायती, मी येतो मागनं."

धुरपदा जिवाच्या आकांताने चढली. बैल थांबले की तिचा जीव थांबे. असे सांगतात की सहाव्या वळणावर, जिथे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी आहे, तिथे तिने धोंडा लावला आणि निंबाजीने बैलांना असा काही हाकारा घातला की गाडी एकदम वीस-पंचवीस पावले पुढे गेली. धुरपदा धोंड्यासाठी वाकली. मग तिने वर पाहिले. गाडी लांब चालली होती, आणि वर दगडांना काय तोटा? तिने मागे पाहिले. रावजीची गाडी अजून दोन वळणे खाली होती. त्याला दिसेल धोंडा, असे तिला वाटले. ती तशीच पळाली.

रावजीला धोंडा दिसला नाही. वळण आंधळे होते. चाक धोंड्यावर चढले, गाडी कलली, बैलाला जुवाशी बांधणारी गळ्यातली सापती तुटली आणि गाडी मागे सुटली. तिच्यामागे धोंडा लावणारा म्हादबा नावाचा म्हातारा होता. त्याने धोंडा टाकलासुद्धा, पण धावत्या चाकापुढे धोंड्याचे काय चालणार? म्हादबा कड्याच्या बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. रावजीची गाडी तिसरीवर आली, तिसरी चौथीवर, आणि बघता बघता सहाच्या सहा गाड्या दरीत गेल्या. पाच माणसे गेली, बारा बैल गेले. गावातले लोक दोन दिवस दरीत उतरून बोरीच्या काट्यांतून जोंधळा वेचत होते. कित्येक दाणे म्हणे रक्ताला चिकटलेले होते, तेही धुऊन शिजवले.

वर पोचली ती एकच गाडी. तिच्यातला जोंधळा सगळ्या गावाने वाटून खाल्ला, म्हणजे घराला ओंजळ ओंजळ आला. राही जगली. पाऊस येईपर्यंत गावातली एकोणीस माणसे मेली. त्यांत रावजीचा धाकटा मुलगाही होता.

धोंडा कोणाचा, हे कोणी विचारलेच नाही. लोकांनी ठरवून टाकले, की म्हादबाने वेळेवर धोंडा लावला नाही म्हणून गाडी सुटली. मरणाच्या दुःखाला कोणीतरी गुन्हेगार लागतो, आणि जिवंत उरलेला गरीब म्हातारा त्या कामाला सोयीचा असतो. म्हादबा शपथा घेऊन सांगे, की रस्त्यात आधीच एक धोंडा होता. पण ऐकतो कोण? त्याला पाणवठ्यावर येऊ देत नसत. पोरे मागून खडे मारीत. धुरपदा हे सगळे रोज पाहत होती. तिची जाऊ कोंडाई, रावजीची विधवा, तिच्याच घरात तिच्याच चुलीवर भाकरी थापत होती, आणि उठता बसता म्हादबाला शिव्या देत होती. राही अंगणात खेळत होती. धुरपदा तोंड उघडायला जाई आणि राहीकडे पाहून मिटून घेई. अशी पाच वर्षे गेली.

एके सकाळी म्हादबा मेला. त्याच्या म्हातारीने कशीबशी तिरडी बांधून घेतली, पण खांदा द्यायला चौघे मिळेनात. ऊन डोक्यावर आले. गावातली माणसे आपापल्या ओट्यांवरून बघत होती. ती म्हातारी तिरडीपाशी बसून एकटीच प्रेतावरच्या माश्या वारत होती. ते मात्र धुरपदेला बघवले नाही. ती चावडीपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "धोंडा माजा व्हता. सहाव्या वळणावर मी लावला आन् मी उचलला न्हाई. म्हादबाबा खरं बोलत व्हते."

निंबाजी मान खाली घालून घरात गेला; त्यानंतर तो तिच्या हातचे कधी जेवला नाही. कोंडाई पुढे आली. लोकांना वाटले ही आता हिचा जीव घेते. ती एवढेच म्हणाली, "मग जा, उचलून आण. त्याबिगर ही तिरडी उठायची न्हाई."

धुरपदा अनवाणी घाट उतरली. सहाव्या वळणावर कड्याच्या कडेला तो धोंडा पडलेला होता, गाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेचा ओरखडा अजून त्यावर होता. तो डोक्यावर घेऊन ती परत वर आली आणि म्हादबाच्या पायांशी ठेवला. मग चौघे उठले. त्या दिवशी स्मशानात गावाने शपथ घेतली, की दुसऱ्याच्या बळावर चालणारे चाक या घाटात घालायचे नाही. पुढे कित्येक वर्षांनी टपालवाला सायकल घेऊन घाट चढला, तेव्हा चावडीवर दुपारभर खल झाला म्हणे. शेवटी निवाडा झाला, की याच्यात बैलही तोच आन् गाडीवानही तोच, चढू द्या बिचाऱ्याला.

धुरपदेला गावाने दुसरी शिक्षा केली नाही. तिनेच ती करून घेतली. रोज सकाळी ती घाटात उतरे आणि वाटेवरचा दगड अन् दगड उचलून कड्याला लावी. आधी धोंडे गेले, मग गोटे, मग मुठीएवढे खडे. राहीचे लग्न झाले, ती लेकुरवाळी झाली, तरी हिचे काम थांबले नाही. एकतीस वर्षे. या सगळ्या काळात कोंडाई एका छपराखाली राहूनही तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

धुरपदा मेली तेव्हा तिरडी बांधून झाली, आणि लोकांना म्हादबाची आठवण झाली. घाटातून धोंडा आणल्याशिवाय हिची तिरडी कशी उचलायची? पण आणणार कोण, म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा कोंडाई उठली. सत्तरी उलटलेली, कमरेत वाकलेली. कोणाला बरोबर येऊ न देता ती काठी टेकत घाट उतरली.

दुपार गेली, ऊन कलले. शेवटी ती चढावर दिसली. हातात काही नव्हते, पदराची फक्त गाठ मारलेली होती. ती तिरडीपाशी बसली, गाठ सोडली आणि मूठभर मुरूम धुरपदेच्या पायांशी ओतला. मग एकतीस वर्षांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"आक्का, एक बी धोंडा ठिवला न्हाईस गं."

आजही करंजगव्हाणात कोणी वारले, की घरचे एक माणूस आधी घाटात उतरते. त्याने मूठभर मुरूम आणून प्रेताच्या पायांशी ठेवल्याशिवाय गाव खांदा देत नाही.