हाकेला धावणारा राक्षस

तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीसुद्धा जी ऐकीव म्हणूनच सांगितली असती, इतकी जुनी ही गोष्ट आहे. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे पत्रावळी लावून पोट भरणारी एक बाई राहत असे. तिची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथा झाला तो असा धष्टपुष्ट, की सुईण त्याला दोन्ही हातांनी तोलून म्हणाली, "आगं बया! पोर हाय का राक्षस?"

बाळंतिणीच्या काळजात चर्र झालं. आता याला दृष्ट लागणार, असं तिला वाटलं. त्या गावची रीत अशी, की जगवायचं पोर असेल तर त्याला वाईट नावाने हाक मारायची, म्हणजे मरण नाक मुरडून पुढे निघून जातं. कुणी आपल्या पोराला धोंड्या म्हणे, कुणी केरबा. या बाईने सुईणीचाच शब्द उचलला. बारशाला आत्याने कानात 'गुणाजी' म्हटलं, ते तिथेच राहिलं. पाळण्याची दोरी ओढत आई म्हणाली, "झोप रे माझ्या राक्षसा."

पोर जगलं. जगलं कसलं, दारात मावेनासं झालं!

आता गंमत बघा. राक्षस म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. सुळे, लाल डोळे, माणसं खाणारा. पण त्या गावात हा शब्द हळूहळू मवाळ होत गेला. आईच्या तोंडी त्याचा अर्थ होता 'जग रे बाळा'. पोरं खांद्यावर चढून "राक्षसा, पळ!" म्हणत, तेव्हा त्याचा अर्थ घोडा. विहीर खणताना चौघांना न हलणारा धोंडा त्याने एकट्याने वर काढला, की माणसं "राक्षस आहे बुवा!" म्हणून त्याची पाठ थोपटत. पंगतीत तो बसला, की वाढपी कपाळाला हात लावत, "आला राक्षस! आचाऱ्याला सांगा, परत चूल पेटव." त्यावर तोही हसे.

बोलण्यात तो जरा मंद होता, पण हाकेला पक्का. कुणीही, कुठूनही "राक्षस!" म्हटलं, की हातातलं टाकून धावत येई. येताना दोन्ही हात पुढे करून येई. काय उचलायचं असेल ते द्या, म्हणून.

मग एका वर्षी गोठ्यांतून करडं नाहीशी होऊ लागली. रान खडकाळ, त्यामुळे कशाचा माग लागेना. एके दिवशी पारावर पाटील म्हणाले, "गावात येवढं खातंय तरी कोन?" लोक हसले, पण थोडेच हसले. पुढच्या आठवड्यात बायकांनी पोरांना त्याच्या खांद्यावर बसू देणं बंद केलं. राक्षस म्हणायचे ते अजूनही म्हणतच होते, पण म्हणून झालं की दार लावून घेत होते.

आईला हे कळत होतं. त्याचं खरं नाव आता गावाला सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर कितीदा आलं. पण ज्या शब्दाने मरणाला चोवीस वर्षं दाराबाहेर ठेवलं, तो टाकायचा कसा? तिची जीभच रेटेना.

अशात कोतवालाची पाच वर्षांची मुलगी सकाळी अंगणातून नाहीशी झाली. राक्षस गावाबाहेरच्या घळीकडे पळताना कुणीतरी पाहिला होता. अख्खा गाव काठ्या आणि दगड घेऊन तिकडे धावला. आईही मागोमाग धावली.

घळीच्या तोंडाशी तो उभा होता. हातांवर ती पोर निपचित पडली होती आणि त्याचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखले होते.

"राक्षस!" कोतवाल किंचाळला.

"राक्षस! राक्षस!" सगळा गाव ओरडला.

त्याने ऐकलं. आयुष्यात त्याला इतक्या जणांनी एकदम कधी हाक मारली नव्हती. त्याने मुलगी अलगद गवतावर ठेवली, आणि रक्ताळलेले दोन्ही हात पुढे करून तो हसत धावत निघाला.

दगड सुटले.

आईने ओरडायला तोंड उघडलं, तर ओठांवर तोच शब्द आला. तो गिळून ती जिवाच्या आकांताने ओरडली, "गुणाजी! थांब! गुणाजी, मागं फीर रं!"

तो क्षणभर थांबला. गुणाजी कोण, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. मागे गवतावरच्या पोरीशिवाय कुणीच नव्हतं. मग तो पुन्हा धावत निघाला, आणि पाटलांचा दगड त्याच्या कपाळात बसला.

आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो म्हणाला, "आई, समद्यांनी हाक मारली. काय उचलायचंय?" आणि त्याची मान कलंडली.

इतक्यात गवतावर मुलगी रडत उठून बसली. "लांडग्यानं ओढत नेलं मला. ह्यानं सोडवलं," ती म्हणाली. लोक घळीत उतरले. तिथे जबडा फाटलेला लांडगा पडला होता आणि आजूबाजूला करडांची हाडं होती. वर येताना कुणी कुणाकडे पाहीना.

पाटील आईच्या पायांशी बसले. "बाई, आमच्या हातनं घात झाला. काय म्हनालीस, नाव काय त्याचं?"

आईने पदराने त्याच्या कपाळावरचं रक्त पुसलं. "काल इचारायचं व्हतं," ती म्हणाली. "आन मी परवाच सांगायचं व्हतं."

ती पुन्हा त्या गावात राहिली नाही. पुढच्या महिन्यात पाटलांची गाय ओढ्याच्या चिखलात रुतली. दहा जणांना ती निघेना. सवयीने कुणीतरी गावाकडे तोंड करून मोठ्याने हाक दिली, "ए राक्षसा!" आणि दहाही जण चिखलात जागच्या जागी थिजून उभे राहिले. गाय त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली.

तात्पर्य : माणसाला चिकटवलेला वाईट शब्द मायेत कितीही गोड लागला, तरी भीतीच्या दिवशी जग त्याचा मूळचाच अर्थ लावतं.