केंद्राकडून आलेली वेळ

घराघरांत व्हीसीआर होते, त्या काळची गोष्ट. इंदुताईंचा व्हीसीआर टीव्ही केंद्राच्या लहरींतून आपली वेळ आपोआप लावून घेई. त्याचा त्याला फार अभिमान होता.

एकदा केंद्राचं वेळ पाठवणारं घड्याळच तासभर मागे पडलं. त्याच संध्याकाळी सातला टीव्हीवर इंदुताईंच्या लेकीचं गाणं होतं. कामावर जाताना त्या व्हीसीआरला ते टिपायला लावून गेल्या.

शेजारच्या घरातल्या टीव्हीवर गाणं सुरू झालं. भिंतीवरचं घड्याळ ओरडलं, "अरे, सात वाजले!"

"सहाच वाजलेत," व्हीसीआर म्हणाला. "वेळ केंद्राकडून आलीय."

तासाभराने त्याने खतांची माहिती मन लावून टिपली.

इंदुताईंनी घरी येऊन कॅसेट लावली. पुढे कुठेतरी गाणं असेल, म्हणून त्यांनी खतांची माहिती शेवटपर्यंत ऐकली.

तेव्हा व्हीसीआरने भिंतीकडे पाहून हळूच विचारलं, "किती वाजले?"